उपवासकाळात संतांचे सण आणि रोजचे वाचन कसे जुळवावे: खान्देशातल्या घरांसाठी व पाड्यांसाठी

राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, घरात दोन गोष्टी एकत्र सुरू होतात. एक, मिस्सेतली (चर्चमधल्या मुख्य उपासनेतली) रोजची बायबलची वाचने, आणि दुसरी, भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेले संतांचे दिवस. पुष्कळ कुटुंबांत या दोहोंचा मेळ बसत नाही. कुणी संताच्या चरित्रातच रमते आणि त्या दिवसाचे शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातला उतारा) वाचायचे राहते, तर कुणी उपवासकाळ आहे म्हणून संतांना चाळीस दिवस बाजूलाच ठेवते. उपासनेचा नियम मात्र स्पष्ट आहे. या काळात दिवसाचा उतारा पुढे असतो आणि संत त्याच्या मागे उभे असतात. ते गेलेले नसतात, फक्त एक पाऊल मागे सरकलेले असतात. घरच्या चिंतनातही हाच क्रम ठेवला की गोंधळ राहत नाही.

पुढची सगळी उदाहरणे २०२७ सालची आहेत. त्या वर्षी ईस्टर फार लवकर आहे, त्यामुळे तारखांची जवळजवळ प्रत्येक अडचण त्यात सापडते.

आधी तारखा मांडा

एक मोठा कागद घ्या आणि ईस्टरची तारीख सगळ्यात खाली लिहा. २०२७ मध्ये ती २८ मार्च आहे. तिथून ४६ दिवस मागे गेलात की राखेचा बुधवार येतो, १० फेब्रुवारी. या ४६ दिवसांत सहा रविवार येतात. ते प्रभूच्या पुनरुत्थानाचे दिवस असल्यामुळे उपवासात मोजत नाहीत, म्हणून चाळीस उरतात. राखेचा बुधवार ४ फेब्रुवारीच्या आधी आणि १० मार्चच्या नंतर कधीच येत नाही, हे लक्षात ठेवले तर तारीख चुकली असल्यास लगेच कळते.

आता रविवार लिहा: १४, २१, २८ फेब्रुवारी, ७ मार्च आणि १४ मार्च हे पाच, आणि २१ मार्चला झावळ्यांचा रविवार, पवित्र सप्ताहाचा पहिला दिवस. २५ ला पवित्र गुरुवार, २६ ला गुड फ्रायडे. उपासनेच्या हिशेबाने उपवासकाळ पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेपूर्वी संपतो. गुड फ्रायडेचा उपवास त्यापुढच्या तीन पवित्र दिवसांतला आहे.

आपल्याकडच्या लोकांनी याच कागदावर होळीही लिहावी. २०२७ मध्ये फाल्गुन पौर्णिमा २२ मार्चला आहे, म्हणजे पवित्र सप्ताहाच्या सोमवारी. भोंगऱ्याचे (आदिवासी भागातले होळीचे) बाजार होळीच्या आधीच्या आठवड्यात भरतात, ते उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यात येतील. अक्कलकुवा, धडगाव, शहादा भागात ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेली माणसे होळीलाच गावी परततात. ज्या पाड्यात फादर महिन्यातून एखाद्या वेळीच पोचतात, तिथे पापनिवेदनाचा दिवस ठरवायचा तर याच आठवड्यात ठरवा. मार्चच्या सुरुवातीला ठेवलात तर अर्धे गाव बाहेर असते, आणि पवित्र गुरुवारी ठेवलात तर फादरांना एका दिवसात पाच गावे करावी लागतात आणि रांगेतली म्हातारी माणसे थकून घरी जातात.

संत कधी पुढे, कधी मागे

संतांच्या दिवसांना चार पायऱ्या आहेत: सोहळा, सण, स्मृतिदिन आणि ऐच्छिक स्मृतिदिन. उपवासकाळात त्यांचे काय होते ते पाहा.

सोहळा दिवसाची जागा घेतो. पांढरा रंग येतो, गौरवगीत आणि विश्वासांगीकार म्हणतात, वाचने सोहळ्याची असतात. या काळात असे दोनच दिवस येतात: १९ मार्चला मरियेचे पती संत योसेफ आणि २५ मार्चला येशूच्या जन्माविषयी मरियेला देवदूताचा निरोप. सणही आठवड्यातल्या दिवसाची जागा घेतो. २२ फेब्रुवारीचा संत पेत्राच्या आसनाचा सण तसा आहे, त्या दिवशी गौरवगीत असते, विश्वासांगीकार नसतो. स्मृतिदिन मात्र, एरवी सक्तीचा असला तरी, उपवासकाळात फक्त आठवण म्हणून उरतो. रंग जांभळाच, वाचने त्या दिवसाचीच. आरंभीची प्रार्थना तेवढी संताची घेता येते. पवित्र सप्ताहात तेही नाही. आणि उपवासकाळाच्या रविवारपुढे कुठलाच संत उभा राहत नाही, योसेफसुद्धा. २०२८ मध्ये १९ मार्च हा तिसरा रविवार आहे, म्हणून त्यांचा सोहळा सोमवारी २० तारखेला होईल.

आलेलुया हा स्तुतीचा उद्गार मात्र सोहळ्यालाही म्हणत नाहीत. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या रात्रीपर्यंत तो शब्द मुखातून निघत नाही. गायनमंडळी योसेफाच्या दिवशी नेहमीचे गाणे काढतात आणि त्यात आलेलुया असतो, ही चूक बहुतेक ठिकाणी होते. गाणी आठवडाभर आधी तपासा. वेदीवर फुलेही या काळात नसतात. चौथा रविवार (७ मार्च, गुलाबी रंगाचा), सोहळे आणि सण एवढ्यांना सूट आहे. वाद्ये गाण्याला आधार देण्यापुरतीच वाजवायची.

२०२७ चा कागद या नियमांनी तपासला की चार गोष्टी समोर येतात.

१९ मार्च शुक्रवारी आहे. सोहळा शुक्रवारी आला तर मांसवर्ज्य बंधनकारक राहत नाही, चर्चच्या कायद्यातच तसे म्हटले आहे. म्हणून त्या दिवशी कुणी मटण शिजवले तर ते पाप नाही, आणि शेजारच्या बाईने तसे बोलून दाखवायचे कारणही नाही. तरी आमचे मत असे की त्या दिवसाचे जेवण एखाद्या सुताराला, गवंड्याला, बांधकामावरच्या मजुराला घरी बोलावून वाढावे. कामकऱ्यांच्या संताचा सोहळा आहे, त्याला हेच शोभते.

२५ मार्च पवित्र गुरुवारी येतो. पवित्र सप्ताहात आणि ईस्टरच्या आठवड्यात देवदूताच्या निरोपाचा सोहळा करता येत नाही, म्हणून तो ५ एप्रिलला, सोमवारी जातो. भिंतीवरच्या कॅलेंडरात बहुधा २५ मार्चच छापलेला असेल. नोव्हेना करायची असेल तर ती २७ मार्चपासून धरा, म्हणजे ४ एप्रिलला नऊ दिवस पूर्ण होतात.

७ मार्चला संत पर्पेतुआ आणि फेलिसिता रविवारी येतात, त्यामुळे त्या वर्षी त्यांची आठवण मिस्सेत होत नाही.

चौथी गोष्ट मूर्तींची. काही चर्चमध्ये पाचव्या रविवारपासून क्रूस आणि मूर्ती जांभळ्या कापडाने झाकतात. २०२७ मध्ये तो १४ मार्चला आहे आणि योसेफाचा सोहळा त्यानंतर पाच दिवसांनी. फादरांना विचारून योसेफाची मूर्ती १९ तारखेनंतर झाका, नाहीतर सोहळ्याच्या दिवशी लोक झाकलेल्या मूर्तीपुढे मेणबत्त्या लावत बसतील. क्रुसावरचे कापड गुड फ्रायडेच्या उपासनेत निघते, मूर्तींवरचे पुनरुत्थानाच्या रात्रीच्या उपासनेपूर्वी.

राख कशी करावी

मागच्या वर्षी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून राख करतात. आपल्याकडे नारळ कमी, म्हणून नाल्याकाठच्या शिंदीच्या फांद्या वापरतात, त्या चालतात. २४ आणि ३१ जानेवारीच्या मिस्सेनंतर घराघरांतून जुन्या झावळ्या गोळा करा. विणलेल्या क्रुसांना बांधलेला नायलॉनचा दोरा, प्लॅस्टिकची फुले, टाचण्या काढून टाका. प्लॅस्टिक जळले की राखेत चिकट गोळे होतात आणि ते कपाळाला लावायच्या लायकीचे राहत नाहीत.

दोन दिवस उन्हात कडक वाळवा. लोखंडी घमेल्यात, उघड्यावर, वारा नसताना जाळा. पाने काळी आणि कुरकुरीत झाली की वरून दुसरे घमेले उपडे टाकून आग विझवा. इथेच लोक चुकतात, पांढरी राख होईपर्यंत जळू देतात. पांढऱ्या राखेत क्षार जास्त असतो. ती पाण्यात मिसळली तर कपाळाची आग होते, नाजूक त्वचेवर फोडही येऊ शकतात. काळी राख क्षाराने कमी आणि कपाळावर उठूनही दिसते. पूर्ण गार झाल्यावर पाट्यावर वरवंट्याने बारीक करा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. एक वाटी राख दोनशे माणसांना सहज पुरते. कोरडीच ठेवा. अंगठ्याला येणारा घामच पुरेसा होतो. पाणी घालून रात्रभर भिजवून ठेवणे तर अजिबात नको.

राखेवरचा आशीर्वाद फादरांनीच द्यायचा. ज्या पाड्यांवर ते त्या दिवशी पोचणार नाहीत तिथे आशीर्वादित राख आधी पाठवून ठेवता येते आणि फादरांच्या परवानगीने कॅटेकिस्ट (धर्मशिक्षण देणारे) मास्तर शब्द-उपासनेत ती लावू शकतात. वाचने दर वर्षी तीच असतात: योएल २:१२-१८, स्तोत्र ५१, २ करिंथ ५:२०–६:२, मत्तय ६:१-६ व १६-१८. मत्तयाचा हा उतारा दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्हींबद्दल आहे आणि तिन्ही गुपचूप करा असे सांगतो. म्हणून कपाळावर राख घेऊन मोबाईलवर फोटो टाकण्याआधी तो एकदा वाचून घ्यावा.

उपवास आणि मांसवर्ज्य या दोन वेगळ्या गोष्टी

मांसवर्ज्य पाळायचे १४ वर्षे पूर्ण झालेल्यांनी: राखेचा बुधवार, गुड फ्रायडे आणि शुक्रवार. उपवास पाळायचा १८ पूर्ण झालेल्यांनी, वयाचे साठावे वर्ष लागेपर्यंत, आणि तो फक्त दोन दिवस: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. आजारी माणसे, गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारे यांनी उपवास धरू नये. दहावीच्या मुलांचे बहुधा १८ पूर्ण झालेले नसते, तेव्हा बोर्डाच्या पेपरच्या दिवशी त्यांना उपाशी पाठवण्याची काहीच गरज नाही.

उपवासाच्या दिवशी एक पोटभर जेवण घ्यायचे, आणि दोन वेळा थोडे खायचे, तेही असे की दोन्ही मिळून पूर्ण जेवण होऊ नये. इथे महाराष्ट्रात एक खास घोळ होतो. आजूबाजूला उपवासाचे म्हणजे साबुदाणा, भगर, शेंगदाणे अशी पदार्थांची यादी असते, म्हणून आपलीही घरे गुड फ्रायडेला तीन वेळा ताट भरून साबुदाण्याची खिचडी करतात. आपल्या उपवासात पदार्थ कोणता यापेक्षा किती हे महत्त्वाचे. तीन भरल्या ताटांनी उपवास मोडतो, मग त्यात काहीही असो. अर्धी भाकरी आणि ताक यांनी तो मोडत नाही.

एक साधा दिवस असा: सकाळी चहा आणि अर्धी भाकरी, दुपारी कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचे भरीत पोटभर, रात्री वाटीभर ज्वारीच्या कण्या. कळण्याला साधारण चार भाग ज्वारीला एक भाग उडीद घेतात. उडदामुळे पोट लवकर रिकामे वाटत नाही, म्हणून शेतात राबणाऱ्यांना ही भाकरी सोसते. वरण-बट्टी त्या दिवशी टाळा, तुपात बुडवलेल्या चार बट्ट्यांना उपवास म्हणता येत नाही. इतर शुक्रवारी ती खुशाल करा, कढी-फुणके करा. मांसवर्ज्याच्या दिवशी मासे, अंडी, दूध चालते. सुकट-बोंबीलही चालतो. पण मटणाच्या दुप्पट भावाचे पापलेट शुक्रवारी आणले तर नियम पाळला जातो, त्यागाचा पत्ता नसतो. पाणी आणि औषध कधीही घ्या. मार्च अखेरीस जळगाव-भुसावळकडे पारा चाळिशीकडे सरकलेला असतो. पाणी न पिता तीन तासांची उपासना कुणाकडूनही मागितलेली नाही.

जेवणात वाचलेले कुठेतरी पोचवायचे असते, ते आपल्या खिशात राहू नये. दर वेळी स्वयंपाकाआधी दादरची (रब्बी ज्वारीची) किंवा गव्हाची एक मूठ वेगळ्या डब्यात टाका. मूठ पन्नास ग्रॅमची धरली तर दिवसाला दोन याप्रमाणे चाळीस दिवसांत चार किलो धान्य होते. रब्बीची दादर त्याच सुमारास घरात येते, तेव्हा मूठ टाकणे जड जात नाही. डबा ओलसर जागी ठेवला तर टोके (धान्यातले किडे) होतात. धान्य आधी एक दिवस उन्हात द्या आणि डब्यात कडुनिंबाची वाळलेली पाने टाका. पवित्र गुरुवारी ते चर्चमध्ये अर्पणाबरोबर आणा, नाहीतर फादरांना सांगून थेट एखाद्या घरी द्या.

उतारा कुठे सापडतो आणि का सापडत नाही

बहुतेक घरांत बायबल सोसायटीचे मराठी बायबल असते. ते वापरायला काही हरकत नाही, पण दोन अडचणी आधी माहीत हव्यात. त्या माहीत नसल्या की वाचणारा पाने उलटत बसतो आणि मुले उठून जातात.

पहिली अडचण ग्रंथांची. त्या आवृत्तीत काही ग्रंथ आणि काही ग्रंथांचे भाग नाहीत. २०२७ मध्ये चार दिवशी पहिले वाचन तुम्हाला मिळणार नाही: १८ फेब्रुवारी (एस्तेरची प्रार्थना), २ मार्च (दानीएल ३:२५, ३४-४३, भट्टीतल्या अजऱ्याची प्रार्थना), १२ मार्च (ज्ञानग्रंथ २) आणि १५ मार्च (दानीएल १३, सुसान्नाची कथा). या चार उताऱ्यांच्या प्रती चर्चमधून आधीच झेरॉक्स करून घ्या. सुसान्नाची कथा तर अजिबात सोडू नका. त्याच दिवशी शुभवर्तमान योहान ८:१-११ आहे. एका बाईवर खोटा आळ, दुसरीवर खरा, आणि दोघींच्या भोवती दगड उचललेले पुरुष. गावात कुणा बाईबद्दल काय बोलले जाते आणि ते कोण बोलते, यावर बोलायला याहून नेमका दिवस वर्षभरात मिळत नाही.

दुसरी अडचण क्रमांकांची. मिस्सेच्या वाचनग्रंथात स्तोत्राचे शीर्षक वचन म्हणून मोजतात, घरच्या बायबलात मोजत नाहीत. स्तोत्र ५१ मध्ये फरक दोनाचा पडतो. वाचनग्रंथात १२ लिहिले असेल तर घरी १० वे वचन काढा, शुद्ध हृदयाची विनवणी तिथे आहे. स्तोत्र २२ आणि ८९ मध्ये फरक एकाचा. होशेय १४:२-१० घरी १४:१-९ आहे. आणि १७ मार्चला दानीएल ३:९१-९२, ९५ असे दिसले तर घाबरू नका; घरच्या बायबलात ती वचने ३:२४-२५ आणि २८ आहेत. मधली ६७ वचने त्यात नाहीत म्हणून आकडे सरकले आहेत.

रविवारची वाचने अ, ब, क अशा तीन वर्षांच्या फेऱ्याने येतात; २०२७ हे ब वर्ष आहे. शुभवर्तमाने क्रमाने अशी: मार्क १:१२-१५, मार्क ९:२-१०, योहान २:१३-२५, योहान ३:१४-२१, योहान १२:२०-३३, आणि झावळ्यांच्या रविवारी मार्ककृत दुःखसहन. पॅरिशमध्ये (आपल्या चर्चच्या स्थानिक मंडळीत) ईस्टरला बाप्तिस्मा घेणारी प्रौढ माणसे असतील, तर तिसऱ्या ते पाचव्या रविवारी अ वर्षाची वाचने घेता येतात: विहिरीवरची शोमरोनी बाई, जन्मांध, लाजर. नंदुरबारकडच्या पॅरिशमध्ये असे उमेदवार असतात, तेव्हा घरी वाचायच्या आधी कुठली वाचने होणार ते विचारा. आठवड्यातल्या दिवसांची वाचने दर वर्षी तीच असतात, त्यामुळे एकदा केलेल्या टिपा पुढच्या वर्षीही कामी येतात.

वीस मिनिटांचे चिंतन

रात्रीच्या जेवणानंतर नको, डोळे मिटतात. दिवेलागणीला बसा. क्रूस आणि एक दिवा पुढे ठेवा. टीव्ही आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत.

पहिल्यांदा शुभवर्तमान एकाने मोठ्याने वाचायचे, सावकाश. दुसऱ्यांदा वाचणारा बदला आणि शक्यतो लहानाला द्या. दोन वाचनांमध्ये एक मिनिट कुणी बोलू नये. ते मिनिट पहिल्या आठवड्यात फार लांब वाटते, म्हणून लोक ते गाळतात, आणि मग चिंतनाऐवजी प्रवचन सुरू होते. दुसऱ्या वाचनानंतर प्रत्येकाने मनात अडकलेला एक शब्द किंवा एक ओळ फक्त उच्चारायची, स्पष्टीकरण नाही. मग घरच्या भाषेत या. आजीला अहिराणी सोपी असेल तर तिला विचारा, ‘आज देवनी आपले काय सांगं?’ मावची किंवा पावरी बोलणाऱ्या घरात उतारा त्याच बोलीत पुन्हा सांगू द्या. छापील मराठीत जे कानावरून जाते ते बोलीत सांगताना माणसाला समजून घ्यावेच लागते.

यानंतर, आणि यानंतरच, संत. दोन-तीन वाक्ये पुरे. त्यांच्या आयुष्यातली एकच गोष्ट सांगा, जी त्या दिवसाच्या उताऱ्याला भिडते. चमत्कारांची यादी वाचू नका. शेवटी उद्या करायचे एक काम ठरवा, इतके लहान की ते उद्या संध्याकाळपर्यंत झाले की नाही हे सांगता येईल. ‘सर्वांवर प्रेम करीन’ हे काम नव्हे. ‘बांधावरून बोलणे टाकलेल्या चुलतभावाला उद्या सकाळी हाक मारीन’ हे काम. मग प्रभूची प्रार्थना म्हणून चिंतन संपवा.

२०२७ मधल्या काही जोड्या अशा बसतात.

१२ फेब्रुवारी, राखेनंतरचा शुक्रवार. संत कुणी नाही, आणि नसलेलेच बरे. यशया ५८ हा उपवासावरचा सगळ्यात रोखठोक उतारा आहे: जोखडे तोडा, भुकेल्याला आपल्या भाकरीतली द्या. उधारीवर राबवलेला सालदार, मजुरी थकवलेली बाई, यांची नावे घरात कुणाला ठाऊक असतील तर ती त्या दिवशी आठवा आणि पैसे चुकते करा.

२३ फेब्रुवारी, संत पॉलिकार्प. स्मिर्नाचे वयोवृद्ध धर्माध्यक्ष, दुसऱ्या शतकात आगीत हुतात्मा झाले. त्या दिवशी मत्तय २३:१-१२ आहे: तुमच्यात जो मोठा तो सेवक व्हावा. पॉलिकार्पांना धरायला शिपाई आले तेव्हा त्यांनी आधी त्या शिपायांना जेवू घातले आणि स्वतःसाठी फक्त प्रार्थनेला थोडा वेळ मागितला. एवढेच सांगा.

आदल्या दिवशी, २२ ला, पेत्राच्या आसनाच्या सणामुळे दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारची वाचने मिस्सेत वाचली जात नाहीत. लूक ६:३६-३८ घरी वाचून घ्या. मापात भरून, हलवून, शीग लावून देणारा देव बाजार समितीत धान्य मोजून देणाऱ्या माणसाला वेगळा समजवावा लागत नाही.

२७ फेब्रुवारीला उधळ्या पुत्राचा दाखला आहे आणि नारेकचे संत ग्रेगरी, आर्मेनियाचे संन्यासी, ज्यांच्या पश्चात्तापाच्या ९५ प्रार्थना प्रसिद्ध आहेत. ऐच्छिक आहेत. दाखला इतका भरलेला आहे की त्या दिवशी संताचे नाव नुसते घेतले तरी चालेल.

८ मार्च, देवाचे संत योहान. ग्रानादात रुग्णालय उघडून रस्त्यावरचे आजारी स्वतः उचलून आणणारे. १५५० मध्ये याच तारखेला वारले. शुभवर्तमान योहान ४:४३-५४, मरणाला टेकलेल्या मुलासाठी वीस-पंचवीस किलोमीटर चालत आलेला बाप. ठरवायचे काम उघड आहे: सिव्हिलमध्ये किंवा ग्रामीण रुग्णालयात कुणी ओळखीचे भरती असेल तर डबा घेऊन जा. नुसती विचारपूस नको, रात्री बसणाऱ्या नातेवाइकाला दोन तास झोप मिळेल असे करा.

१७ मार्च, संत पॅट्रिक. सोळाव्या वर्षी पळवून नेऊन गुलाम केलेला मुलगा, आणि योहान ८:३१-४२, सत्य तुम्हाला बंधमुक्त करील. घरातले कुणी मुकादमाच्या उचलीत अडकून तोडीला गेले असेल तर या उताऱ्याला स्पष्टीकरण लागत नाही. उचलीचा हिशेब लेखी मागायला कुणीतरी सोबत जाणे हे त्या दिवशीचे काम.

१९ मार्च, संत योसेफ. वाचने २ शमुवेल ७, स्तोत्र ८९, रोम ४ आणि मत्तय १:१६, १८-२१, २४. किंवा मत्तयाऐवजी लूक २:४१-५१. शुभवर्तमानांत योसेफांच्या तोंडी एकही वाक्य नाही. ते झोपेतून उठतात आणि सांगितलेले करतात. त्या दिवशीच्या चिंतनात बापांना बोलायला लावू नका, त्यांना वाचायला द्या.

संत तुरिबियस २३ मार्चला असतात. २०२७ मध्ये ती तारीख पवित्र सप्ताहात गेल्यामुळे त्यांची आठवण होणार नाही. पण २०२८ मध्ये ती तिसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी येते, तेव्हा टिपून ठेवा. लिमाचे हे धर्माध्यक्ष डोंगरातल्या लोकांची केचुआ भाषा शिकले, आणि त्यांच्या काळात त्या लोकांच्या भाषांत धर्मशिक्षणाचे पुस्तक तयार झाले. त्या दिवशीचे शुभवर्तमान लूक ११:१४-२३, मुका माणूस बोलू लागतो. सातपुड्यातल्या कॅटेकिस्टांच्या बैठकीला हा दिवस राखून ठेवावा.

क्रुसाची वाट डोंगरात किंवा शेतात नेताना

क्रुसाची वाट म्हणजे येशूच्या दुःखसहनाची चौदा ठाणी (प्रसंग) आठवत चालणे. त्यासाठी चौदा क्रूस बांबूचे करा, तीन फूट उंच, आडवी पट्टी दीड फुटाची, सुतळीने बांधलेले. सुतळी कोरडी बांधली तर उन्हात सैल पडते, म्हणून भिजवून बांधा, वाळताना ती आवळते. दोन क्रुसांमध्ये तीस-चाळीस पावले ठेवा, म्हणजे सगळी वाट अर्ध्या किलोमीटरच्या आत राहते आणि पाऊण तासात होते. यापेक्षा लांब केली की म्हातारी माणसे मागे राहतात, पुढचे वाचन ते पोचायच्या आत सुरू होते आणि मागच्यांना निम्मी ठाणी ऐकूच येत नाहीत. नियम एकच करा: शेवटचा माणूस येऊन थांबल्याशिवाय वाचकाने तोंड उघडायचे नाही.

प्रत्येक ठाण्यावर बायबलमधली दोन-तीन वचने, एक मिनिट शांतता, एक प्रार्थना, आणि चालताना गाण्याचे एक कडवे. लांबलचक छापील चिंतने वाचायची तर चौदा वेळा तीन मिनिटे होतात आणि सातव्या ठाण्यापासून कुणी ऐकत नाही. मार्चमध्ये सकाळी साडेसहाला किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर निघा. गुड फ्रायडेची मुख्य उपासना दुपारी तीनच्या सुमारास असते, त्यामुळे वाट त्या दिवशी सकाळीच उरका. पहिल्या, सातव्या आणि चौदाव्या ठाण्यावर पाण्याचे माठ ठेवा. रस्त्यावरून जायचे असेल आणि भोंगा लावायचा असेल तर पोलीस ठाण्यात अर्ज आठवडाभर आधी द्या. मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा आणि होळीचा बंदोबस्त दोन्ही असतात, ऐनवेळी परवानगी मिळत नाही. कापणी न झालेल्या गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या शेतातून वाट नेऊ नका, आणि केळीच्या बागेतून न्यायची तर मालकाला विचारून ठिबकच्या नळ्या कुठून गेल्या आहेत ते आधी पाहून घ्या.